किडनी जॅम!

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ज्यानं आयुष्याची चार वर्षं घालवली आहेत, त्याला 'जॅम' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पुढे कुठेतरी एक ट्रक बंद पडलेला असतो. तो आपल्याला दिसत नाही. दिसतात फक्त पुढच्या गाड्यांचे लाल दिवे आणि बाइकवाल्यांचे वैतागलेले चेहरे. अशा वेळी ट्रॅफिक हवालदार काय करतो? ट्रक दुरुस्त करत बसतो का? नाही. आधी कडेनं एक लेन मोकळी करून देतो, तुंबलेल्या गाड्या सोडतो. ट्रकचं काय ते नंतर बघू, क्रेन येईल तेव्हा.

हाच जॅम माणसाच्या पाठीत, शेवटच्या बरगडीखाली होऊ शकतो आणि तिथेही नियम अगदी हाच असतो, हे मला गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी रात्री कळलं. तोपर्यंत मीही तुमच्यासारखाच होतो. मुतखडा म्हणजे काय, तर खूप दुखतं, माणूस गडाबडा लोळतो, मग एक दिवस खडा पडतो आणि तो डबीत घालून सगळ्यांना दाखवतो. एवढंच.

तर, पार्टनर. म्हणजे माझा रूम पार्टनर. मूळचा लातूरचा, वाकडला आम्ही टू बीएचके शेअर करतो. एका खोलीत तो, एका खोलीत मी आणि हॉलमध्ये दोघांचे कधीच न वाळणारे कपडे. वय वर्षं २९, आठवड्यातून चार दिवस जिम, सिगारेट नाही, वजन आटोक्यात. फक्त एक गोष्ट. पठ्ठ्या पाणी पीत नाही. एसीत बसून दिवसभरात एक बाटली संपली तर संपली. कॉफी मात्र मोजायची नाही. "तहानच लागत नाही यार," हा त्याचा फंडा.

रविवारी रात्री त्याला कळ आली. उजवीकडे पाठीत सुरू होऊन पुढे जांघेकडे उतरणारी. बसता येईना, झोपता येईना, उभं राहता येईना. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सोनोग्राफी केली. रिपोर्ट आला : उजव्या मूत्रवाहिनीत ८ एमएमचा खडा आणि त्याच्या वर किडनीला थोडी सूज. रिपोर्टच्या भाषेत 'माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस'. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. दोन दिवसांत युरॉलॉजिस्टना दाखवा आणि ताप आला तर दोन दिवस थांबू नका, लगेच या.

इंजेक्शननं तासाभरात बरं वाटलं. फाइल फ्रीजवर गेली. दुसरी सूचना आम्ही दोघंही विसरलो.

सोमवारी ऑफिसात बातमी फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक म्हणाला, बिअर पी, धुऊन निघेल. दुसरीच्या आजीचं कुळथाचं कढण, तिसऱ्याच्या मामाचा पाषाणभेदाचा काढा. टीम लीड म्हणाला, पाच लिटर पाणी पी आणि दोरीवरच्या उड्या मार, प्रेशरनं सुटेल. (डिलिव्हरीच्या बाबतीतही त्याचा हाच दृष्टिकोन आहे.) कुळथाच्या कढणाशी माझं भांडण नाही, गरम भाताबरोबर ते झक्कासच लागतं. पण नंतर कळलेलं गणित आत्ताच सांगून टाकतो. ५ एमएमपर्यंतच्या खड्यांपैकी तीनातले साधारण दोन आपणहून पडतात. ५ ते १० एमएमच्या मधले जेमतेम निम्मे. कारण किडनीतून लघवीच्या पिशवीकडे येणारी ही नळी लांबीला २५ ते ३० सेंटीमीटर असली, तरी आतून असते जेमतेम ३-४ एमएम रुंद. आणि वाट बंद असताना वरून लिटर लिटर पाणी ढकललं की खडा सुटतो, याला पुरावा नाही. उलट दुखणं वाढू शकतं.

"हुडहुडी भरलीय का रे?"

मंगळवारी संध्याकाळी पार्टनर लवकर घरी आला. मी आलो तेव्हा दोन पांघरुणं घेऊन पडला होता. दात अक्षरशः वाजत होते. थर्मामीटर १०३. मी काय केलं असेल? पावसाळा आहे, व्हायरल असणार, असं म्हणून पॅरासिटामॉल दिली आणि लॅपटॉप उघडला. माझं रिलीज होतं. रात्री अकराला क्लायंट कॉल होता. सकाळी बघू, असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

साडेनऊला त्याच्या आईचा फोन. रोज असतो. "जेवलास का" एवढं विचारायला. त्याला फोन धरवेना, म्हणून मी घेतला.

"काकू, जरा ताप आहे त्याला. गोळी दिलीय. झोपलाय."

"हुडहुडी भरलीय का रे?"

"हो, थोडी."

"आन् ते खड्याचं दुखनं? राहिलं का?"

"नाही, ते पण आहे."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग काकू एकदम वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "मग उद्यावर ढकलू नको बाळा. याच्या काकाचं असंच झालं होतं. आत्ताच्या आत्ता घेऊन जा. रिक्षा कर, काहीबी कर."

मंडळी, मी इंजिनिअर आहे. सर्च करून कुठल्याही आजारावर दहा मिनिटं बोलू शकतो. पण 'खडा अधिक थंडी वाजून ताप बरोबर इमर्जन्सी' हे समीकरण त्या घरात फक्त लातूरहून फोनवर बोलणाऱ्या एका बाईला माहीत होतं. मी लॅपटॉप बंद केला. कॉलचं काय झालं, ते मला आजही नीट आठवत नाही.

आधी पू, मग खडा

कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. बीपी ९०/५०. नाडी १२८. आरएमओनं दोनच प्रश्न विचारले आणि मग त्याच्या हालचालींचा वेग बदलला. हा बदल ज्यानं पाहिलाय, त्याला कळेल मी काय म्हणतोय. दोन्ही हातांना सलाईन, रक्त, लघवी, दोन्हींचं कल्चर आणि लगेच अँटिबायोटिक. मग सीटी स्कॅन, तोही साधा, कॉन्ट्रास्ट न देता. खड्यासाठी तेवढा पुरतो. पांढऱ्या पेशी २२ हजार. क्रिएटिनीन २.३.

पाऊण तासात युरॉलॉजिस्ट आल्या. चाळिशीच्या मॅडम, पायात स्लिपर्स, बहुतेक घरून तशाच निघालेल्या. त्यांनी सीटी स्क्रीनवर मला दाखवला. खडा नळीच्या वरच्या भागात घट्ट बसला होता. त्याच्या वरची किडनी फुगलेली.

मी म्हटलं, "मॅडम, मग एकदाच खडा काढून टाका ना. लेझर वगैरे असतो ना?"

त्या म्हणाल्या, "आज रात्री खड्याला हात लावायचा नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

मग त्यांनी जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळपास सगळं पुन्हा रक्तात जातं आणि दीड-दोन लिटर लघवी बनून नळ्यांतून खाली येते. एक नळी बंद झाली, तरी वरची किडनी लगेच काम थांबवत नाही. लघवी तुंबते, आतलं प्रेशर वाढतं. नुसतं तुंबलं असेल तर थोडा वेळ हातात असतो. पण त्या तुंबलेल्या पाण्यात जंतू शिरले, की किडनीचा होतो बंद डबा आणि डब्यात पू. प्रेशरमुळे ते जंतू उलटे रक्तात ढकलले जातात. बीपी पडतो, नाडी पळते. याला म्हणतात सेप्सिस.

"पण अँटिबायोटिक दिलंय ना?"

"दिलंय, आणि ते हवंच. पण तुंबलेली किडनी नीट गाळत नाही. त्यामुळे औषध तिथं हवं तेवढं पोचत नाही. गळू झालं तर आपण नुसत्या गोळ्या देतो का? पू बाहेर काढावाच लागतो. तसंच हे. आधी पू, मग खडा. आता अशा अवस्थेत मी लेझर घेऊन आत गेले, पाण्याचा फवारा मारला, तर प्रेशर आणखी वाढेल आणि उरलेले जंतू मीच रक्तात ढकलेन."

आठवला ना आपला हवालदार? आधी लेन, मग ट्रक.

दोन वाटा

लेन मोकळी करायच्या वाटा दोन. एक खालून, एक पाठीतून.

खालची वाट म्हणजे डीजे स्टेंट. डीजे म्हटल्यावर आम्हा पुणेकरांना विसर्जन मिरवणूक आठवते, पण हा 'डबल जे'. साधारण २४-२६ सेंटीमीटर लांब, दोन एमएमच्या आतबाहेर जाडीची, मऊ, पोकळ नळी. दोन्ही टोकांना इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली, म्हणजे एक टोक किडनीत अडकून राहतं आणि दुसरं लघवीच्या पिशवीत. दुर्बीण लघवीच्या मार्गानं आत जाते, आधी एक बारीक तार खड्याच्या कडेनं वर सरकवतात आणि त्या तारेवरून स्टेंट. कुठेही कापाकापी नाही, बाहेर पिशवी लटकत नाही. पण बहुतेक वेळा भूल द्यावी लागते आणि तार खड्याच्या पलीकडे गेली नाही तर सगळंच अडतं.

पाठीतली वाट म्हणजे नेफ्रोस्टोमी. डॉक्टर लोक 'पीसीएन' म्हणतात. पेशंटला पालथं झोपवायचं, सोनोग्राफीत किडनी बघायची, तेवढीच जागा बधिर करायची आणि पाठीच्या बाजूनं सुई थेट फुगलेल्या किडनीत. सुईतून तार, तारेवरून नळी, नळीला बाहेर पिशवी. खड्याला वळसाच. पूर्ण भूल लागत नाही, आणि किती लघवी येते, कशी येते, ते पिशवीत समोर दिसतं. तोटे? किडनी म्हणजे रक्तानं भरलेला अवयव, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा रक्त गोठत नसेल, तर शक्यतो खालूनच जातात. शिवाय नळी ओढली जाऊन निसटू शकते.

मी अर्थातच विचारलं, "मॅडम, यातलं बेस्ट कोणतं?" मोबाइल घेतानासुद्धा आपण हेच विचारतो.

त्या हसल्या. म्हणाल्या, "बेस्ट ते, जे आत्ता, या पेशंटला, लवकरात लवकर होईल."

नंतर घरी आल्यावर मी वाचून काढलं. (सवय वाईट.) १९९८ मध्ये अमेरिकेत ४२ पेशंट्सवर या दोन वाटांची समोरासमोर तुलना झाली होती. एक दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. पण वाट मोकळीच न करण्याचं काय होतं, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. खडा आणि सेप्सिस असे दोन्ही असलेल्या पेशंट्समध्ये, ज्यांची किडनी मोकळी केली नाही त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे १९ टक्के. ज्यांची केली त्यांच्यात सुमारे ९. म्हणजे निम्म्याहून कमी. २०२० मध्ये आणखी एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं, की हे काम दोन दिवस किंवा त्याहून जास्त लांबलं, तर मृत्यूची शक्यता वाढते. मी 'सकाळी बघू' म्हणालो होतो, ते मला हे वाचताना आठवलं. लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

पार्टनरच्या बाबतीत मॅडमनी पाठीतली वाट निवडली. बीपी इतका खाली असताना भूल देणं भूलतज्ज्ञांना पटत नव्हतं, खडा घट्ट बसला होता आणि किडनी चांगली फुगलेली असल्यानं सुईला टार्गेट सोपं होतं. रक्त गोठण्याचे रिपोर्टही ठीक आले.

मी लातूरला फोन लावला. काकांनी पहिल्या रिंगला उचलला.

"काका, पाठीतून नळी घालायची म्हणतात. आत्ताच."

"काय म्हणतेत डॉक्टर? धोका आहे का?"

"न करण्यात जास्त आहे म्हणतात."

"मग करा म्हणाव. आम्ही निघालोत गाडी करून. पोचायला पहाट होतीय. तू हाईस ना तिथं?"

"आहे काका."

"मग झालं तर."

फॉर्मवर पार्टनरनं थरथरत्या हातानं स्वतः सही केली. खाली माझी. 'रुग्णाशी नातं' या रकान्यापाशी मी अडलो. भाऊ लिहू? मित्र? शेवटी जे होतं ते लिहिलं : रूम पार्टनर. सिस्टरनं वाचलं, मान हलवली आणि ट्रॉली आत गेली.

पिशवी

पंचवीस मिनिटं. बास. मी तोवर कॅन्टीनचा चहासुद्धा संपवला नव्हता. बाहेर आला तेव्हा त्याच्या कुशीला एक पिशवी लटकत होती आणि तिच्यात लघवी नव्हती. दाट, पिवळट, गढूळ काहीतरी होतं. मॅडमनी त्यातलं थोडं वेगळं कल्चरला पाठवलं. कारण खाली पिशवीतली लघवी कधीकधी स्वच्छ येते, खरा गुन्हेगार जॅमच्या वर अडकलेला असतो.

सिनेमात यानंतर पेशंट डोळे उघडतो आणि हसतो. इथे तसं झालं नाही. नळी घातल्यावर दोन तासांनी ताप पुन्हा चढला. मी घाबरलो. मॅडम म्हणाल्या, असं होऊ शकतं, बीपी बघा. बीपी सावरत होता. पहाटे साडेपाचला काका-काकू आले. काकूंनी आयसीयूच्या काचेतून एकदा मुलाकडे, एकदा पिशवीकडे बघितलं आणि मला विचारलं, "तू काही खाल्लंस का?"

ताप पूर्ण उतरायला तीन दिवस लागले. कल्चरचा रिपोर्ट आल्यावर अँटिबायोटिक बदललं. क्रिएटिनीन २.३ वरून १.१ वर आलं. सहाव्या दिवशी पिशवीसकट घरी. मग तीन आठवडे आमच्या हॉलमध्ये कपड्यांच्या जोडीला ती पिशवीही. पिशवी कायम किडनीच्या खालच्या पातळीला, नळीला पीळ नाही, झोपेत ओढली जाणार नाही अशी चिकटपट्टी, ड्रेसिंग कोरडं. पिशवीत लघवी यायची अचानक थांबली किंवा पुन्हा ताप आला, तर थेट हॉस्पिटल. ही यादी काकूंनी स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावली. सोनोग्राफीची फाइल होती, अगदी त्याच जागी.

गंमत म्हणजे ही पाठीतली वाट तशी जुनी. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या विलार्ड गुडविन यांनी तुंबलेल्या किडनीत पाठीतून नळी घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. डबल जे त्यामानानं तरुण, रॉय फिनी यांचा, १९७८ मधला. त्याआधी तुंबलेली किडनी मोकळी करायची म्हणजे बहुधा मोठं ऑपरेशन. पार्टनरला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे मी लकी आहे असं म्हणायचं का तुला?" कुशीला पिशवी लावून हा प्रश्न विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं!

डीजे वाजतोय

तीन आठवड्यांनी, जंतू साफ झाल्यावर, क्रेन आली. म्हणजे भूल देऊन, खालून दुर्बीण घालून लेझरनं खड्याचा चुरा केला. पाठीतली नळी निघाली आणि नळीची सूज उतरेपर्यंत आत ठेवला एक डीजे स्टेंट. अशा रीतीनं पठ्ठ्यानं दोन्ही वाटांचा प्रवास केला.

स्टेंट बाहेरून दिसत नाही, पण आत आपण आहोत हे तो विसरू देत नाही. सारखं जावंसं वाटतं, जाताना कुशीत चमक येते, कधी लघवी लालसर होते. सकाळच्या स्टँड-अपमध्ये पार्टनर दोनदा उठून जायचा. टीम लीडला वाटलं, याचा दुसरीकडे इंटरव्ह्यू चालू आहे.

पण दहा-बारा दिवसांत त्रास कमी झाला, पार्टनर जिमच्या गप्पा मारायला लागला आणि इथेच खरी गोची झाली. ऑनसाइटची संधी आली. तीन महिने. तिकीट पुढच्या सोमवारचं. स्टेंट काढायची तारीख त्याच आठवड्यातल्या गुरुवारची.

"येऊन काढतो ना. आता काहीच त्रास नाहीये."

मला एकदम ते जुनं वाक्य ऐकू आलं. सकाळी बघू. आत राहिलेल्या स्टेंटवर हळूहळू क्षार साचतात. तो कडक होतो, कधी तुटतो, कधी स्वतःच नवा खडा होऊन बसतो. वेळेवर काढला तर दहा मिनिटांचं काम. वर्षभर विसरला, तर मोठी ऑपरेशनं लागू शकतात आणि काहींनी यापायी किडनी गमावल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणजे ज्यानं रस्ता मोकळा ठेवायचा, तोच ट्रक होऊन आडवा पडतो. लोक स्टेंट का विसरतात? तर बरं वाटायला लागतं म्हणून. दुसरं काही नाही.

मी वाद घातला नाही. लातूरला फोन केला.

पाच मिनिटांत पार्टनरचा मोबाइल वाजला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण "हो आई" एवढं सहा वेळा ऐकू आलं. शुक्रवारी मॅडमकडे गेलो. तारखेच्या आधीच काढता येतो का विचारलं, त्यांनी एक्स-रे बघून हो म्हटलं. जेली लावून, भूल न देता, खालून दुर्बीण घालून स्टेंट बाहेर. लाइन लावायला दीड तास, काम सात मिनिटं. सोमवारी विमान.

आता तो तिकडे आहे. रोज रात्री, म्हणजे त्याच्या दुपारी, ग्रुपवर पाण्याच्या बाटलीचा फोटो टाकतो. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी, असं टार्गेट मॅडमनी दिलंय. ग्रुपचं नाव त्यानं 'किडनी जॅम' ठेवलंय. मेंबर चार. तो, मी, काका आणि काकू. माझ्या बाटलीचा फोटो आला नाही, की काकूंचा मेसेज येतो : "तुझं कुठाय?"

फ्रीजवर लावा (फाइल नको, हे लावा)

• खड्याचं दुखणं आणि त्याबरोबर ताप किंवा थंडी : सकाळची वाट बघू नका. पॅरासिटामॉलनं ताप उतरला तरी नाही.

• लघवी पूर्ण बंद होणं, एकच किडनी असताना कळ येणं, गरोदरपणात कळ येणं, उलट्या न थांबणं, इंजेक्शननंतरही दुखणं न थांबणं : हेही तसंच. डायबिटीस असेल तर आणखी सावध.

• शक्यतो असं हॉस्पिटल गाठा, जिथं रात्री युरॉलॉजिस्ट किंवा पाठीतून नळी घालणारे रेडिऑलॉजिस्ट येऊ शकतात. जाताना फोन करून विचारा. नसतील, तर पहिलं अँटिबायोटिक आणि सलाईन तिथंच सुरू करून पुढं न्यायला सांगा.

• कॅज्युअल्टीत तीन प्रश्न विचारा : किडनी तुंबली आहे का? इन्फेक्शन आहे का? दोन्ही असेल तर मोकळी कधी करणार?

• रक्त पातळ करायच्या गोळ्या, अॅलर्जी, आधीची ऑपरेशनं : हे न विचारता सांगा.

• पेनकिलर स्वतःच्या मनानं सलग दिवसेंदिवस घेऊ नका. आधीच अडचणीत असलेल्या किडनीला काही पेनकिलर आणखी त्रास देतात.

• स्टेंट घातला, तर काढायची तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये टाका. स्वतःच्या नको. आईच्या.